सिकार पॉइंट: उभ्या थरांवर आडवे थर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटपर्यंत गाडीरस्ता नाही. शेताच्या कडेने चालत गेले, एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती मागे पडल्या आणि एकदम कडाच लागला. खाली उत्तर समुद्र. रात्री पाऊस पडून गेला होता, त्यामुळे गवताचा तो तीव्र उतार बसत बसतच उतरले.

आदल्या दिवशी एडिनबरात सॉल्सबरी क्रॅग्जचा काळसर कडा पाहिला होता. तो डोलेराइट या अग्निजन्य खडकाचा. शिलारस गाळाच्या थरांमध्ये घुसला आणि जमिनीखालीच थिजला. शेजारचे थर त्याच्या धगीने भाजून निघाले. पुढे वरचं आवरण झिजलं, तेव्हा तो उघडा पडला.

इथली गोष्ट पाण्याची. राखाडी ग्रेवॅकचे, म्हणजे चिखलमिश्रित वाळूच्या कठीण खडकाचे, थर जवळजवळ सरळ उभे आहेत. सुमारे 43.5 कोटी वर्षांपूर्वी आयपेटस या प्राचीन महासागराच्या तळाशी वाळू-चिखल साचून ते बनले, तेव्हा अर्थातच आडवे होते. महासागर मिटत गेला, भूखंडं भिडली, थरांना घड्या पडल्या. ते आणखी खोल गाडले जाऊन तापले असते, तर न वितळताच त्यांचा शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक झाला असता. तसे रूपांतरित खडक पाहायला हायलँड्समध्ये जायचं आहे. इथे मात्र डोंगर उभे राहिले आणि झिजले. त्या झिजलेल्या टोकांवर सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाळू आणून पसरली. तोच हा तांबडा वालुकाश्म, किंचित कललेला. रंग लोहाच्या ऑक्साइडचा.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती दोन्ही खडकांच्या सांध्याशी. गुडघे टेकून पाहिलं, तर तांबड्या दगडात राखाडी, कोनदार तुकडे रुतलेले. ते खालच्या ग्रेवॅकचेच! म्हणजे वरची वाळू साचत होती तेव्हा खालचा चिखल कधीच दगड होऊन, उभा राहून, फुटायलाही लागला होता. 1788 मध्ये भूशास्त्रज्ञ जेम्स हटन आणि त्याचे सोबती जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल होडीने इथे आले, तेव्हा पृथ्वीचं वय काही हजार वर्षं मानणारे लोक पुष्कळ होते. एवढ्या उलथापालथीला तेवढा काळ कसा पुरणार? हा पुरावा कोणालाही वाचता येतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

भरती सुरू झाली तशी निघाले. खडकाच्या एका खोबणीत तांबडी आणि राखाडी रेती एकत्र साचली होती.