मानद डॉक्टरेट नेमकी कोण देऊ शकतं?

हॉटेलचा हॉल, भाड्याचे काळे झगे, चौकोनी टोप्या, फेटे आणि रांगेने वीस-पंचवीस ‘मानद डॉक्टर’. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो आणि नावाआधी ‘डॉ.’ येतं. अशा समारंभाचं आमंत्रण आलं, तर झगा कसा शिवलाय ते बघत बसू नका. देणाऱ्याला पदवी देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळालाय, एवढंच विचारा.

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ चं कलम २२ याबाबत अगदी स्पष्ट आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खालचं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. बाकी कुणी पदवी द्यायची तर नाहीच, पण आपल्याला तसा अधिकार आहे असं भासवायचंही नाही. मग हे प्रकार चालतात कसे? कारण कलम २४ मधली शिक्षा आहे दंड, तोही जास्तीत जास्त १,००० रुपये. समारंभातल्या फेट्यांचं बिलही याहून मोठं होत असेल.

अधिकार विचारला की आयोजक कागद पुढे करतात: कंपनी नोंदणी, ट्रस्टची नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र, लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक. यातल्या एकानेही पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला, शिक्का दाखवला तरी हुरळून जाऊ नका. तो कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतो, संस्थेच्या लायकीबद्दल काही म्हणत नाही. संस्था परदेशी असेल तर तिच्या स्वतःच्या देशात तिला मान्यता आहे का, ते त्या देशाच्या सरकारी यादीत बघा. इथली असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी आहे, बोगस विद्यापीठांचीही आहे.

आता खरी पद्धत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत कुलगुरूंच्या मनात आलं आणि पदवी दिली, असं होत नाही. आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता लागते. त्याशिवाय व्यवस्थापन परिषदेने प्रस्ताव विचारातच घ्यायचा नसतो. परिषदेची शिफारस अधिसभेपुढे (सिनेटपुढे) जाते आणि तिथे हजर सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूने असावे लागतात. साठ जण हजर असतील तर चाळीस मतं हवीत, एकतीसवर भागत नाही. त्यानंतर पदवीदान समारंभ. परीक्षा किंवा प्रबंध नाही. व्यक्तीचं स्थान, कर्तृत्व आणि लोकसेवा हाच निकष. अर्ज भरा, शुल्क भरा आणि मानद पदवी घ्या, अशी पायरी या वाटेवर कुठेच नाही. पैसे मागितले की तिथूनच मागे फिरावं.

पदवीचं नावही नीट वाचा. मानद पदव्या साधारणपणे डी.लिट., डी.एस्सी. किंवा एलएल.डी. असतात. ‘मानद पीएच.डी.’ असं छापलेलं दिसलं की सावध व्हा. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कोर्सवर्कसह किमान तीन वर्षं, प्रबंध आणि मौखिक परीक्षा आहे, मानद असा प्रकारच नाही. जुन्या काळी परदेशात तशी दिली जायची: प्राच्यविद्यापंडित रा. गो. भांडारकरांना जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये मानद पीएच.डी. दिली होती. पण ते भांडारकर होते आणि ते गटिंगेन होतं!

कमावलेली पदवीसुद्धा प्रदान होईपर्यंत पदवी नसते. डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने पीएच.डी. रीतसर दिली ती १९२७ मध्ये, कारण प्रबंधाच्या छापील प्रती जमा करण्याची तिथे अट होती. त्याच कोलंबियाची १९५२ ची एलएल.डी. आणि उस्मानियाची १९५३ ची डी.लिट. मात्र मानद. त्यांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ या दोन्हींच्या कितीतरी आधीचं आहे.

दिलेली पदवी काढूनही घेता येते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलं तर महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात तशी तरतूद आहे, मात्र संबंधिताला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. एडिंबरा विद्यापीठाने झिम्बाब्वेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांची मानद पदवी २००७ मध्ये परत घेतली होती.

खरोखरच्या विद्यापीठाने मानद पदवी दिली असेल, तर ती बायोडेटात ‘सन्मान’ या सदरात विद्यापीठाचं नाव आणि वर्ष घालून लिहावी, ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात नव्हे. प्राध्यापकपदाच्या अर्जात ती पीएच.डी. म्हणून धरली जात नाही. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात शिक्षण म्हणून ती दाखवली, तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. नावाआधी ‘डॉ.’ न लावण्याचा संकेत जगभरातली बरीच विद्यापीठं सांगतात. आपल्याकडे तो पाळणारे कमीच.