तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या छोट्या कंपनीत पैसे टाकावेत का?

मी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आता संभाजीनगरला असते, त्यामुळं लातूर-जालन्याकडचे नातेवाईक फोन करून हेच विचारतात, "ताई, चिकलठाण्याची ती पोरं शेअर देतो म्हणायलेत, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बिघाड काढून देतात म्हणे, टाकू का दोन-तीन लाख?"

धंदा खोटा नाही, हे आधी सांगते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसनं जगभरचे कॉम्प्युटर लॉक केले, त्याला अडवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, पण कितीतरी जणांनी टाकलीच नव्हती. आपल्याकडं जुलै 2024 च्या शेवटी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एकाच कंपनीवर हल्ला झाला आणि देशभरातल्या जवळपास 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. म्हणजे दुरुस्तीची गरज आहे, आणि गावातल्या खातेदाराला सुद्धा आहे.

पण त्याच महिन्यात 19 तारखेला कॉम्प्युटरचं हल्ल्यांपासून संरक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि साधारण 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या, विमानं रखडली, हॉस्पिटलं अडली. संरक्षण करणाऱ्यानंच घोळ घातला. म्हणून अशा कंपनीला माझा पहिला प्रश्न हाच असतो की तुमच्या दुरुस्तीमुळं गिऱ्हाइकाचं काही बिघडलं तर भरपाई कुणी द्यायची, ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय? कंपनीचं भांडवल दहा लाख आणि गिऱ्हाईक बँक असेल तर एका चुकीत तुमचे शेअर कागदावरच राहतील.

मी त्या पोरांकडं जाऊन एक तक्रार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा म्हटलं. अडत दुकानाचं सॉफ्टवेअर होतं, सोयाबीनच्या सीझनला दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी पट्टी (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब) सेव्ह केली की दोन्ही शेतकऱ्यांना एकच नंबर पडायचा. एका पोरीनं ते पटकन सुधारलं, पण लगेच पाठवलं नाही, मागच्या सीझनच्या पट्ट्या नव्या कोडवरून पुन्हा काढल्या आणि हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम पैशापर्यंत जुळवत बसली, तर काही पट्ट्यांत तोलाई दोनदा कापली जायलेली दिसली, तिनं तेही सुधारलं आणि मगच गिऱ्हाइकाला दिलं. हे बघून मला जो भरवसा आला तो त्यांच्या प्रेझेंटेशनमधल्या ग्राफनं आला नव्हता. पण मग विचारलं की ही पोरगी उद्या पुण्याला गेली तर त्या दुकानाचं सॉफ्टवेअर आणखी कुणाला कळतं, कुठं लिहून ठेवलंय का, तर उत्तर कच्चं होतं. अशा कंपनीत यंत्रं नाहीत, गोदाम नाही, जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे आणि तुम्ही पैसे त्यालाच देताय.

एआयचं काय, असंही विचारता. बिघाड आपोआप शोधून दुरुस्त करणाऱ्या यंत्रणांची डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं घेतलेली स्पर्धा ऑगस्ट 2025 ला संपली, त्यातल्या यंत्रणांचा कोडही खुला केला गेला. सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या जुन्या तयार कोडचं, म्हणजे लायब्ररीचं, अपडेट सुचवणारं डिपेंडाबॉट तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं 2019 मध्ये विकत घेऊन फुकटच करून टाकलं. तेव्हा "आमच्याकडं एआय टूल आहे" एवढ्यावर कुणी कंपनीची मोठी किंमत (व्हॅल्युएशन) लावून मागत असेल तर मला पटत नाही. पण फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामवर चालणारं, मराठी पट्टी छापणारं, मूळ बनवणारा माणूसच गायब असलेलं सॉफ्टवेअर सांभाळायला मोठी कंपनी लातूरच्या मोंढ्यात येणार नाही, तिथं या पोरांना खरी जागा आहे.

म्हणून हिशेब बघा. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर 100 रुपये भरले की कंपनीनं दाखल केलेला ताळेबंद दिसतो, त्यात येणं किती थकलंय ते आधी बघायचं. मग पोरांना विचारा, मागच्या वर्षीच्या किती गिऱ्हाइकांनी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची फी, पुन्हा भरली. नवीन गिऱ्हाईक ओळखीनं मिळतं, दुसऱ्या वर्षीचा चेक काम आवडल्याशिवाय येत नाही हो.

आणि बीडकडच्यांसाठी मुद्दाम, कारण तुम्ही मल्टीस्टेट पतसंस्थांच्या ठेवींत होरपळलात. ही ठेव नाही, महिन्याला व्याज कुणी कबूल करत असेल तर तिथूनच उठा. खासगी कंपनीला व्हॉट्सॲपवर जाहिरात करून शेअर विकता येत नाहीत, तुमच्या नावानं पीएएस-4 चा ऑफर कागद यायला पाहिजे, पैसे रोखीत नाही तर तुमच्याच बँक खात्यातून गेले पाहिजेत, आणि 60 दिवसांत शेअर दिले नाहीत तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत करावे लागतात. शेअर मिळाले तरी उद्या पोरीच्या लग्नाला पैसे लागले म्हणून ते बाजारात विकता येत नाहीत, घ्यायलाच कुणी नसतं.

माझं स्वतःचं विचाराल तर मी टाकणार आहे, एफडीला हात न लावता, आणि सगळे एकदम नाही. भरपाईची मर्यादा ॲग्रीमेंटमध्ये आली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम किमान दोघांना येतं एवढं त्यांनी दाखवलं की पहिला चेक देईन, दुसरा पुढच्या वर्षीच्या एएमसी बघून. पोरांना हे तोंडावर सांगितलंय, त्यांनी मार्चपर्यंत वेळ मागितलाय.