तुम्ही विचारलंत म्हणून: रानातल्या घरात उपग्रहाचं नेट

"तिकडे रानात राहता, मग नेट कसं चालतं?" हा प्रश्न पूर्वी मला नुसता कुतूहलापोटी विचारला जायचा. जून 2025 मध्ये उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीला भारतात परवाना मिळाल्याची बातमी आली आणि प्रश्नाचा सूर बदलला. आता संगमेश्वरचे चुलत दीर, शाळेतल्या मैत्रिणी, मेलबर्नच्या मराठी ओळखीतली मंडळी, सगळेच पुढे विचारतात, "गावच्या घरी बसवलं तर भरवशाचं आहे का?" फोनवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगून झालंय. आज सगळं सलग सांगते.

आमचं घर ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण गिप्सलँड भागात, मिर्बू नॉर्थ या गावाजवळ आहे. डोंगरउतारावर गाईंची कुरणं, ओढ्याकाठी उंच निलगिरी. घर खोलगट जागी असल्यामुळे मोबाइलची रेंज फाटकापर्यंत असते आणि घरात शिरेपर्यंत नाहीशी होते. फायबर आमच्या रस्त्यावर आलेलंच नाही. अशा घरांसाठी इथल्या सरकारी कंपनीने 2015 आणि 2016 मध्ये 'स्काय मस्टर' नावाचे दोन उपग्रह वर पाठवले. आमचं पहिलं नेट त्यांच्यावरच चालायचं. मेल, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास सगळं व्हायचं. अडायचं ते बोलताना. ते उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर आहेत. आपला संदेश तिथे चढणार, खाली केंद्रावर उतरणार आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने येणार, म्हणजे एका फेरीत जवळजवळ 1,43,000 किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा त्याला अर्धा सेकंद लागतो. कोणीही चालवलं तरी तो अर्धा सेकंद कमी होणार नाही. आईशी व्हिडिओ कॉल करताना आम्ही दोघी एकदमच बोलायला लागायचो, मग दोघीही थांबायचो, "तू बोल", "नाही, तू बोल".

आता आमच्याकडे स्टारलिंक आहे. त्याचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर, म्हणून संदेशाची फेरी डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरी होते. आईचं वाक्य चालू असताना मला मध्येच "अगं, पण" म्हणता येतं. ज्यांची म्हातारी माणसं लांब आहेत त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

पण उपग्रह इतका खाली आला की तो एका जागी दिसत नाही. तासाला सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने धावत असल्यामुळे काही मिनिटांत नजरेआड होतो आणि डिश दुसरा पकडते. टीव्हीच्या छत्रीला आकाशातला एक ठिपका मोकळा मिळाला की भागतं. या डिशला आकाशाचा मोठा तुकडा लागतो. त्यामुळे बसवण्यातलं खरं काम जागा शोधण्याचं. बाकीचं घरच्या माणसांनाही जमतं.

आमच्याकडे ते असं झालं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फोनचा कॅमेरा चालू करून अंगणात उभं राहायचं आणि फोन आकाशभर हळूहळू फिरवायचा. पडद्यावर आकाशाचा घुमट तयार होतो आणि जिथे झाड किंवा छप्पर आड येतं तिथे लाल डाग पडतात. दक्षिण गोलार्धात डिश दक्षिणेकडे झुकवतात आणि आमच्या दक्षिणेलाच एक जुनी, देखणी निलगिरी आहे. पत्र्याच्या छपरावर उभं राहून पाहिलं तरी लाल डाग जाईना. घुमटाच्या मानाने तो एवढासाच होता. पण असा डाग राहिला तर पान उघडायला, गाणी ऐकायला काही त्रास होत नाही, मात्र दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद नेट जातं आणि नेमकं बोलणं तुटतं. बसवायला मदत करणारा शेजारी म्हणाला, फांद्या उतरवू. माझ्या नवऱ्याने झाडाला हात लावू दिला नाही. मग चढावर, पाण्याच्या टाकीपलीकडे खड्डा घेतला, काँक्रीट ओतून लोखंडी पाइप उभा केला आणि डिश त्यावर बसवली. किटमधली वायर तिथून घरापर्यंत पुरेना, लांब मागवावी लागली. ती पाइपात घालून जमिनीखालून आणली, कारण इथले पांढरे काकाकुवा वायर कुरतडतात. त्यांच्या चोचीपुढे उघडी वायर टिकत नाही.

आता भरवशाचं. 13 फेब्रुवारी 2024 ला व्हिक्टोरियात वादळ झालं. राज्यात पाच लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि मिर्बू नॉर्थमध्ये तर घरांची छपरं उडाली, रस्ते झाडांनी बंद झाले. वीज गेली तशी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही संपल्या आणि फोन मुके झाले. आमच्याकडे छोटा जनरेटर होता. तो घराबाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवून चालू केला, आधी फ्रीज लावला, मग डिश. थोड्या वेळात नेट आलं. शेजारच्या मळ्यातल्या आजी चिखलाचे बूट पडवीत काढून स्वयंपाकघरात आल्या आणि वाय-फायवरून क्वीन्सलँडमधल्या लेकीला फोन लावला. लेकीचा आवाज आल्यावर त्या आधी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या "हो, हो" म्हणत राहिल्या. त्यानंतर वीज येईपर्यंत आमच्या टेबलापाशी सतत कोणी ना कोणी असायचं, विम्याच्या फोनसाठी, औषधाच्या चिठ्ठीसाठी.

म्हणून भरवशाचं आहे का विचारलंत तर मी उलट विचारते, तुमच्या विजेचं काय? गावातली तार तुटली, टॉवर बंद पडला तरी उपग्रहाला फरक पडत नाही, पण डिश घरच्या विजेवर चालते. तिला साधारण 75 ते 100 वॅट लागतात, म्हणजे दिवसाला दोन युनिटच्या आसपास. कोकणात पावसाळ्यात लाइट किती वेळ जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इन्व्हर्टरशिवाय डिश घेऊ नका. आणि एकट्या डिशवर जीव टांगू नका. उन्हाळ्यात वणव्याचा इशारा आला की आम्ही इशाऱ्यांचं अ‍ॅप बघतोच, शिवाय बॅटरीवरचा रेडिओ लावून ठेवतो.

पाऊस आड येतो का? येतो. टीव्हीची छत्री ज्या लहरींवर चालते साधारण त्याच पट्ट्यातल्या लहरी इथेही आहेत. तेव्हा मुसळधार सरीत चित्र जातं तसं नेटही थोडा वेळ जाईल आणि सर ओसरली की परत येईल. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा आणि पाइपाला अर्थिंग असलंच पाहिजे. मला कोकणात जास्त काळजी झाडांची वाटते. फणस, आंबा, माड यांच्या मधोमध असलेल्या घरावर डोक्यावरचं आणि उत्तरेचं आकाश किती मोकळं आहे ते आधी बघा. माडाची झावळी वाऱ्याने हलत राहते, म्हणजे आज मोकळी दिसणारी जागा उद्या मोकळी असेलच असं नाही. आणि काकाकुवाच्या जागी तुमच्याकडे वानर आणि घुशी आहेत.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. तुमच्या वाडीपर्यंत फायबर येण्यासारखं असेल तर त्याच्यामागे लागा, ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पाठपुरावा करा. उपग्रहाची क्षमता खालच्या सगळ्या घरांत वाटली जाते. आमच्याकडे मैलभरात मोजकी घरं, म्हणून आम्हाला पुरते. दाट वाडीत संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग उतरणार. फायबरला ही अडचण फारशी येत नाही, आणि शाळा-दवाखान्याला तेच हवं. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम ही नावं आहेत. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यासाठी उपग्रह योग्यच आहे. पण उपग्रह आला म्हणून जिथे फायबरसाठी सहज खणता येईल तिथलं खणणं थांबलं, तर ते गावांचं नुकसान आहे.

शेवटी, "येताना तिकडूनच डिश आणशील का?" या दिरांच्या प्रश्नाचं उत्तर: येताना इथून डिश आणणार नाही, भाऊजी. परवानगीशिवाय असं यंत्र भारतात आणणं आणि वापरणं बेकायदा आहे, आणि इथल्या खात्यावरची डिश तिकडे चालेल असंही नाही. तिथे रीतसर विक्री सुरू होऊ दे. तोवर कंपनीचं अ‍ॅप फोनमध्ये घ्या, त्याला पैसे पडत नाहीत, आणि खळ्यात, आगरात, विहिरीपाशी आकाश बघून ठेवा. सगळ्यात कमी लाल कुठे दिसतंय त्याचे फोटो मला पाठवा.