उत्तरायणानंतरचा रविवार

बडोद्यात उत्तरायण सरलं की पुढच्या रविवारी आमच्या महिला मंडळाचं वार्षिक संमेलन भरे. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या चौकात सतरंज्या पडत. आम्हा मुलींच्या बोटांना मांजाच्या चिरा असत, आणि त्याच बोटांनी हळदीकुंकू लावत फिरायचं. हळद चिरेत गेली की कशी झोंबे!

दाराशी एक जाड वही असे. येणाऱ्या प्रत्येकीनं तीत स्वतःच्या हातानं सही करायची, मगच अत्तर आणि तिळगूळ. मंडळाच्या आत्याबाई वहीपाशी बसत. रांग खोळंबली तरी अंगठा त्या घेऊ देत नसत.

त्या स्वतः शिकल्या त्या सक्तीमुळे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मुलीला घरी ठेवलं तर बापाला दंड. "आप्पांनी दंडाला भिऊन शाळेत घातलं, आणि पहिला नंबर आल्यावर आळीभर पेढे वाटले," हे सांगताना आत्याबाईंचा चेहरा अजून लहान मुलीचा होई.

मग त्यांचं दरवर्षीचं भाषण. जानेवारी १९२७, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, आणि अध्यक्षस्थानी 'आपल्या' महाराणी चिमणाबाई! परिषद मुलींच्या शिक्षणासाठी होती. पण लहानपणीच लग्न लागलं तर पोर शाळेत टिकणार कशी? म्हणून या बायका बालविवाहाविरुद्ध उभ्या राहिल्या. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं. पुढे याच परिषदेच्या अध्यक्ष झालेल्या हंसाबेन मेहता १९४९ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. इथे आत्याबाई थांबत आणि आम्हा मुलींकडे एकेक करून बघत. ते बघणं मला अजून पुरतंय.

एका वर्षी आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बेन आल्या. "मने नथी आवडतुं," म्हणजे मला येत नाही, म्हणत दारातूनच परत निघाल्या. आत्याबाईंनी हात धरून बसवलं आणि गुजरातीतून एकेक अक्षर गिरवून घेतलं. पाव तास तरी गेला असेल. आत उसळ निवत होती, पण एकही बाई पानावर बसली नाही.

पुढच्या वर्षी बेन मुलीला घेऊन आल्या. मुलीनं आपलं नाव झरझर लिहिलं, आईच्या हातात पेन दिलं आणि शेजारी मांडी घालून बसली, आत्याबाई बसत तशी.