बॅन्जो धरलेला तो हात

लालबागला एका चाळीच्या हॉलमध्ये मी रविवारी मुलांचा ड्रॉइंगचा क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी. मागच्या महिन्यात स्मरणचित्राला विषय दिला 'सिग्नलवरची मुलं', तर चौदाच्या चौदा कागदांवर एकच पोरगा, फाटका शर्ट, पुढे केलेला हात, डोळ्यात टपोरं पाणी. पुलाखाली गजरे ओवत बसणारी मुलगी यांना रोज शाळेत जाताना दिसते, ती एकानेही काढली नाही. पोरांना काय बोलणार, गरिबाचं पोर चित्रात असंच असतं हे त्यांनी बघून बघून शिकलंय.

म्हणून पुढच्या रविवारी हेन्री ओसावा टॅनरच्या 'द बॅन्जो लेसन'ची मोठी कलर प्रिंट काढून नेली. १८९३ चं चित्र, बॅन्जो म्हणजे इथे गिटारसारखं लांब दांडीचं तारवाद्य. टॅनर हा अमेरिकन चित्रकार स्वतः ब्लॅक, त्याची आई गुलामगिरीत जन्मलेली. त्या काळात अमेरिकेत ब्लॅक माणसाच्या हातात बॅन्जो म्हणजे लोकांना हसायचा विषय, गोरे नट तोंडाला काळं फासून स्टेजवर नाचायचे आणि पब्लिक खिदळायचं, आणि गंमत बघा, म्हणजे खरं तर चीड येते, की बॅन्जो मुळात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांनीच घडवलेलं वाद्य! टॅनरने तोच बॅन्जो घेतला आणि एका म्हाताऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये उभ्या असलेल्या छोट्या मुलाच्या हातात दिला. एका बाजूने खिडकीतला गार उजेड, दुसऱ्या बाजूने चुलीचा तांबूस, आणि दोघंही आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, सगळं लक्ष तारांवर.

मी काही सांगायच्या आधीच एक मुलगी म्हणाली, "टीचर, दांडी आजोबांनी धरलीय, नाहीतर त्याला पेलणारच नाही." नीट बघा, खरंच तसं आहे, बॅन्जो पोराच्या मानाने खूप मोठा, त्याचं वजन म्हाताऱ्याच्या डाव्या हाताने उचललंय आणि वाजवायचं काम पूर्णपणे मुलाचं. मग ती म्हणाली, "आमच्याकडे पेटीचा भाता आजोबाच मारतात, मी फक्त बोटं फिरवते." मला यापेक्षा चांगलं समजावता आलं नसतं.

विन्स्लो होमर हा चित्रकार गोरा, पण १८७७ चं त्याचं 'संडे मॉर्निंग इन व्हर्जिनिया' पण दाखवलं, ब्लॅक पोरं दाटीवाटीने बसून बायबल वाचतायत. अमेरिकेतल्या याच व्हर्जिनियात यादवी युद्धाआधी गुलामांना वाचायला शिकवायला जमवणं म्हणजे गुन्हा होता, त्यामुळे त्या पोरांचं पुस्तकात खुपसलेलं डोकं साधं नाहीये. आणि त्या चित्राच्या चारच वर्षं आधी, १८७३ ला, आपल्या जोतिबांनी 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली होती, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतली मुलंही पुढे सरकली.

काल तोच विषय परत दिला. चार-पाच जणांचा हात अजून पुढेच आहे, लागेल वेळ. पण एकाने गजरेवाली काढलीय, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, मान खाली, तोंडात एक कळी धरलेली, आणि मागे उभ्या गाड्यांकडे तिचं लक्षच नाहीये.