माल्जा, म्हणजे आता पुरे

कोरियन सिरियल बघणाऱ्या कुणालाही नावं विचारा, धडाधड सांगतील, सोयॉन, जियॉन, मिनसो, सगळी अशी कानाला गुळगुळीत. पण त्याच सिरियलमध्ये मागे कुठेतरी एक आजी असते, केस बारीक कुरळे केलेली, किमचीसाठी कोबीचा ढीग घेऊन बसलेली आणि सुनेला बोलत असलेली, तिचं नाव काय हे कुणाच्या लक्षात नसतं. ते बहुतेक यंगजा असतं, सुंजा असतं, नाहीतर माल्जा. यातलं माल्जा हे नाव गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कोरियन नावं साधारण चिनी अक्षरांतून बनतात, प्रत्येक अक्षराला आपला अर्थ. 'माल' म्हणजे शेवट आणि 'जा' म्हणजे मूल. शेवटचं मूल. आता हे ऐकून आपल्याला वाटेल, अरे वा शेंडेफळ, किती गोड, पण तसं काही नाहीये. हे नाव ठेवलं जायचं तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या मुलीला, आणि त्यातून तिच्याबद्दल काही सांगायचं नसायचंच मुळी, सांगायचं असायचं ते वर, की बाबांनो मुली आता बास, पुढचा मुलगा पाठवा. म्हणजे बारसं हिचं आणि अर्ज भावाचा. त्यात आणखी एक गंमत, गंमत तरी कसली म्हणायची, बोलीभाषेत 'हाजी माल्जा' म्हणजे 'नको करूया', आणि असं नाव घेऊन शाळेत जायचं म्हणजे वर्गातली पोरं काय काय बोलली असतील ते सांगायला नको.

हिच्या जोडीला अजून बऱ्याच आहेत. 'क्कुतसुन', त्यातही क्कुत म्हणजे शेवटच. 'हुनाम', म्हणजे हिच्यामागून मुलगा येवो. आणि 'सॉपसॉपी', ज्याचा सरळ अर्थ मन खट्टू झालं, हे पण नाव होतं बरं का, माणसाचं. एमबीसी चॅनलवर १९९२ मध्ये मुलगे आणि मुली याच नावाची एक मालिका लागली होती, त्यात जुळी भावंडं, भावाचं नाव ग्वीनाम म्हणजे मौल्यवान मुलगा आणि बहिणीचं हुनाम. त्या काळात ती प्रचंड चालली. नुसत्या दोन नावांत अख्खी गोष्ट, पुढचं बघायला रुमाल तेवढा हवा.

आता ते 'जा'. हे अक्षर जपानी लोक 'को' असं वाचतात, योको ओनोमधला 'को' तोच. जपानमध्ये आधी ते राजघराण्यातल्या आणि दरबारातल्या बायकांच्या नावात असायचं, मग सगळ्यांनीच उचललं. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, त्या काळात ही फॅशन तिकडे गेली, शिवाय १९४० मध्ये सरकारने लोकांना जपानी पद्धतीची आडनावं घ्यायला लावली, तेव्हा तर या नावांचं पीकच आलं. जपानी गेले १९४५ मध्ये, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त चाललेलं नाव होतं यंगजा. राज्य गेलं पण 'जा' काही लगेच गेलं नाही.

मला खरी गंमत पुढे वाटली. हेच अक्षर जुन्या चिनी तत्त्वज्ञ कन्फ्युशिअसच्या नावातही आहे, कोरियन लोक त्याला गोंगजा म्हणतात. तिथे 'जा' म्हणजे गुरू, आदरार्थी. आणि मुलगा हवाच हा हट्ट जो आहे, वाडवडिलांचं श्राद्ध मोठ्या मुलाने घालायचं, वंश त्याच्याकडून पुढे जायचा, घराण्याच्या वंशावळीत मुलीचं नाव लिहायचंच नाही, फार तर जावयाचं लिहायचं, हे सगळं या गोंगजाच्याच नावावर चालायचं. घरातल्या मुलग्यांच्या नावात पिढीचं एक सामाईक अक्षर ठरलेलं, भाऊ, चुलतभाऊ सगळ्यांना तेच. मुलींना बऱ्याचदा त्यातून वगळलेलं, म्हणजे त्यांचं नाव ठेवायला आईबाप मोकळे, आणि त्या मोकळेपणात त्यांना सुचलं काय तर माल्जा.

आपण हसायला नको, आपल्याकडे नकुशा आहेतच. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये २८५ मुलींची नकुशी-नकुसा ही नावं बदलून नवीन नावं दिली, सर्टिफिकेटं वाटली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. कोरियात असा समारंभ झाला नाही, तिथे प्रकरण कोर्टात जायचं, आणि नाव बदलायला ठोस कारण द्या म्हणून जज अडून बसायचे. त्यावर २००५ मध्ये सामसून नावाच्या केक बनवणाऱ्या मुलीची सिरियल आली, ती घरातली तिसरी, 'साम' म्हणजे तीनच, आणि तिला हीजिन व्हायचं असतं. शेवटच्या भागाला पन्नास टक्क्यांच्या वर रेटिंग गेलं, म्हणजे निम्मा देश एका बाईच्या नावाच्या दुःखाकडे बघत बसला होता (केक आणि हिरो पण होते, ते मान्य). त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा लपवणं वगैरे हेतू नसेल तर नाव बदलू द्या. सिरियलमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर वर्षाला लाखाच्या वर लोक नाव बदलायला अर्ज करायला लागले. त्यात कितीतरी आज्ज्या असणार, सत्तरीत नवीन नाव घेऊन घरी आलेल्या, आणि नातवंडांना ते पाठ करायला लावणाऱ्या.

पण सगळ्यांनी नाही बदललं. चोई माल्जा नावाच्या बाई आहेत. १९६४ मध्ये त्या अठरा वर्षांच्या होत्या, एका माणसाने जबरदस्ती केली तेव्हा त्यांनी त्याची जीभ चावून तोडली. शिक्षा कुणाला जास्त झाली असेल? त्यांना. दहा महिने, त्याला सहा, दोन्ही स्थगित, पण गुन्हेगार हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. मी टू आल्यावर त्यांनी परत उचल खाल्ली, २०२० मध्ये खटला पुन्हा चालवा म्हणून अर्ज केला, खालच्या कोर्टांनी फेटाळला, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये त्यांची बाजू घेतली आणि १० सप्टेंबर २०२५ ला बुसानच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, एकसष्ट वर्षांनी. कोर्टाच्या कागदावर, पेपरच्या हेडलाइनीत, पोरींच्या हातातल्या बोर्डांवर, सगळीकडे तेच नाव, माल्जा. नाव बदललं की झालं असं म्हणणाऱ्यांनी मला हे जरा समजावून सांगावं.

आणि दुसरीकडे गॅग कॉन्सर्ट म्हणून कॉमेडी शो आहे, तिथे किम यंगही ही कॉमेडियन म्हातारीचं सोंग घेऊन उभी राहते, नाव माल्जा आजी. प्रेक्षक आपले प्रॉब्लेम सांगतात, नवरा बोलत नाही, लग्न जमत नाही, आणि आजी तोंडावर सुनावते, लोक हसतात आणि मध्येच डोळे पुसतात. जे नाव तोंडावर घ्यायला लाज वाटायची त्याच्यासाठी आता लोक हौसेने येऊन बसतात.

मात्र बाळाला हे नाव आता कुणी ठेवत नाही. साठच्या दशकातच ते मागे पडायला लागलं, पुढे सत्तरच्या दशकात सरकारने मुलगा-मुलगी फरक न करता दोनच पुरे असा प्रचार केला, आपल्या 'हम दो हमारे दो'सारखाच. आणि मग सोनोग्राफी आली. १९९० मध्ये तिथे दर १०० मुलींमागे ११६ च्या वर मुलगे जन्मले, म्हणजे मुलीच्या नावातून देवाला निरोप पाठवायची गरजच उरली नाही, मुलगीच येईनाशी झाली. नाव गेलं म्हणून कुणी लगेच पेढे वाटू नयेत ते याच्यासाठी. २००७ च्या आसपास हा आकडा १०६ वर आला, २००८ पासून घराचा कायदेशीर कर्ता पुरुषच ही पद्धतही बंद झाली, आणि आता तर सर्व्हेत लोक सांगतात की मुलगी हवी.

फक्त आता मुलंच होत नाहीयेत. २०२४ मध्ये तिथला जननदर होता ०.७५, म्हणजे बाईमागे एक मूलसुद्धा धड नाही. हिशोबच लावायचा तर आज तिथल्या कितीतरी घरांत पहिलंच बाळ शेवटचं, शब्दशः माल्जा. फरक इतकाच की आता आईबाप पैसे मोजून नाव काढून देणाऱ्या दुकानात जातात, जन्मवेळ देतात, अक्षरांचे फटकारे मोजून घेतात, चार-पाच नावांतून एक निवडतात, आणि घरी येतात ते सोयॉन नाहीतर सोयुन घेऊन, जी वर्गात अजून तिघींची असतात.