खगोलशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी दिवसाचे आकाश

शाळा दिवसा भरते आणि खगोलशास्त्र मात्र रात्रीचा विषय समजला जातो. शिक्षकांसाठी होणारी या विषयाची अनेक प्रशिक्षणे वर्गापर्यंत पोहोचत नाहीत याचे मोठे कारण मला या विसंगतीत दिसते. कार्यशाळेच्या संध्याकाळी दुर्बीण लावली जाते, शिक्षक रांगेत उभे राहून शनीची कडी पाहतात, आणि त्या वेळी त्यांना होणारा आनंद अगदी खरा असतो. परंतु ते ज्या वर्गात परत जातात तिथे दुर्बीण नसते, अंधार नसतो आणि मुलांसमोरचा धडा ऋतू कशामुळे होतात, चंद्राचा आकार रोज का बदलतो, ग्रहणे दर महिन्याला का होत नाहीत, याबद्दलचा असतो. म्हणून प्रशिक्षणातला मोठा वेळ सूर्य, सावली आणि दिवसा दिसणारा चंद्र यांना द्यावा, असा माझा आग्रह असतो.

सुरुवात व्याख्यानाने करू नये. आधी प्रत्येक शिक्षकाने ऋतूंचे कारण आकृतीसह कागदावर लिहावे आणि तो कागद स्वतःजवळच ठेवावा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हे उत्तर उच्चशिक्षित प्रौढही देतात, त्यामुळे ते लिहिणाऱ्या शिक्षकाला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. त्यानंतर एवढेच सांगावे, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात असते. शिवाय उत्तर गोलार्धात हिवाळा असताना दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. इथे बरेच जण ‘अक्ष कललेला असतो’ हे दुसरे उत्तर पुढे करतात, आणि प्रशिक्षकाने खरे सावध व्हायला हवे ते याच क्षणी. नीट विचारले तर पुष्कळदा कळते, की कललेला गोलार्ध सूर्याच्या ‘जवळ जातो’ अशी समजूत त्या उत्तरामागे आहे, म्हणजे जुनीच कल्पना नव्या शब्दांत कायम राहिली आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर आहे; पंधरा कोटी किलोमीटरच्या अंतरात तिच्या कलण्याने पडणारा फरक नगण्य आहे. यावर विजेरी आणि चौकटींचा कागद हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. प्रकाश कागदावर सरळ पडला की तो थोड्या चौकटी व्यापतो आणि तोच प्रकाश ३० अंशांच्या कोनात पडला की दुप्पट जागेवर पसरतो, हे शिक्षकांनी स्वतः चौकटी मोजून पाहावे. त्याला दिवसाच्या कमी-जास्त होणाऱ्या लांबीची जोड दिली, की २३.४ अंशांच्या कलाचा अर्थ हाती लागतो.

मुलांच्या मनात काय चालते, याबद्दलही शिक्षकांशी मोकळेपणाने बोलायला हवे. स्टेला वोस्निआदू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पृथ्वी गोल आहे असे सांगणारी काही मुले प्रत्यक्षात पोकळ गोलाच्या आत सपाट जमिनीवर माणसे राहतात अशी कल्पना करत होती, तर काहींच्या मते आपण राहतो ती सपाट पृथ्वी आणि आकाशातली गोल पृथ्वी अशा दोन पृथ्व्या होत्या. मुलाने बरोबर शब्द उच्चारला म्हणजे त्याला समजले, असे धरून चालणे किती धोक्याचे आहे, हे यातून स्पष्ट होते. मूल बोलते त्यापेक्षा ते काढते ती आकृती अधिक काही सांगून जाते, म्हणून मुलांच्या आकृत्या वाचण्याचा सराव प्रशिक्षणातच व्हावा.

चंद्रकलांच्या बाबतीत पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, ही समजूत फार चिवट आहे. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून, हातभर अंतरावर पांढरा चेंडू धरून स्वतःभोवती फिरण्याचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे आणि तो करावाच; प्रत्येकाच्या हाती स्वतःचा चेंडू मात्र असावा, कारण दुसऱ्याच्या चेंडूकडे बाजूने पाहणाऱ्याला कला दिसतच नाहीत. त्याहूनही मला प्रिय असलेला प्रयोग उघड्यावर, भर उन्हात करायचा असतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास दुपारनंतर किंवा वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी चंद्र आकाशात असतो. त्या वेळी सूर्याकडे थेट न पाहता, चेंडू चंद्राच्या दिशेने उन्हात धरला, की चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग अगदी एकसारखा दिसतो. सूर्य एका बाजूला आहे, चंद्र त्याच्याशी सुमारे काटकोनात आहे आणि पृथ्वीची सावली तर सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडलेली असणार. मग ती चंद्रावर येईल कशी, हा प्रश्न तिथे उभे असलेले शिक्षक आपापसांतच विचारू लागतात. प्रशिक्षकाने अशा वेळी उत्तर देण्याची घाई न करता त्यांचे बोलणे ऐकत राहावे.

ग्रहणांचा प्रश्न मात्र प्रमाणबद्ध अंतराशिवाय सुटत नाही, आणि पाठ्यपुस्तकातील आकृत्यांनी या ठिकाणी बरेच नुकसान केले आहे, असे मला मनापासून वाटते. पानाच्या रुंदीत बसवण्यासाठी चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटवून दाखवला जातो. वीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला तर चंद्र साडेपाच सेंटिमीटरचा होतो आणि त्याला सहा मीटरवर ठेवावे लागते, कारण ते अंतर पृथ्वीच्या सुमारे तीस व्यासांइतके असते. हा आकडा सांगण्याआधी चेंडू शिक्षकांच्या हाती देऊन तो त्यांना योग्य वाटेल तिथे धरायला सांगावे. तो बहुधा गोलाच्या फार जवळ धरला जातो. आता चंद्राच्या कक्षेचा सुमारे पाच अंशांचा कल विचारात घ्या. पुस्तकातल्या आकृतीत तो क्षुल्लक वाटतो, पण सहा मीटरवर तो चेंडूला सुमारे अर्धा मीटर वर किंवा खाली नेतो, आणि तिथे पृथ्वीच्या गडद छायेची रुंदी जेमतेम पंधरा सेंटिमीटर असते. पौर्णिमेचा चंद्र बहुतेक वेळा छायेच्या वरून किंवा खालून का निसटतो, हे यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच प्रमाणात सूर्य बावीस मीटर व्यासाचा आणि सव्वादोन किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर असेल, हेही जाता जाता सांगावे.

अशा साध्या साधनांच्या प्रशिक्षणाला जगभर चांगला आधार आहे. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष म्हणून साजरे झाले, त्या निमित्ताने गॅलिलिओच्या नावाने शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे शिक्षणविषयक कार्यालयही आता जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आहे. पडद्यावर आकाश दाखवणारी ‘स्टेलॅरियम’सारखी मोफत संगणक प्रणालीही हाताशी आहे. ती जरूर शिकवावी, परंतु निरीक्षणानंतर पडताळा घेण्यासाठी; पडद्यावर आधी पाहिलेले आकाश बाहेर जाऊन पाहण्याची उत्सुकता कमी करते.

एका दिवसाची कार्यशाळा या विषयाला पुरत नाही, याचे कारण आकाशातच आहे. चंद्राला सर्व कला पूर्ण करायला साडेएकोणतीस दिवस लागतात, त्यामुळे दोन भेटींमध्ये किमान एक महिना असावा. त्या महिन्यात शिक्षकाने चंद्राची नोंदवही ठेवावी: दिनांक, वेळ, दिशा, उजळलेली बाजू आणि क्षितिजापासूनची उंची. उंचीसाठी हात लांब करून धरलेली मूठ पुरते; ती सुमारे दहा अंशांची असते. सोबत सपाट जागी एक काठी उभी करून मध्यान्हाच्या आसपास सावलीच्या टोकाच्या खुणा कराव्यात. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवतो आणि दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो, ही दोन्ही विधाने पुष्कळ शिक्षक वर्षानुवर्षे निःशंकपणे शिकवत आलेले असतात. विषुववृत्तावरसुद्धा उगवतीची जागा वर्षभरात सुमारे ४७ अंशांच्या पट्ट्यात सरकते आणि कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या पलीकडे तर सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

दुसऱ्या भेटीत सर्व नोंदवह्या एकत्र मांडल्या, की त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मला ही बैठक सर्वांत मोलाची वाटते. एकाच दिवशी एकाच्या अंगणातली सर्वांत आखूड सावली दुसऱ्याच्या आधी पडलेली असते. नकाशा पाहिला तर एक रेखांशाने पूर्वेला असतो आणि प्रत्येक अंशामागे चार मिनिटांचा फरक निघतो. उत्तर-दक्षिण अंतरावरच्या दोन शाळांच्या सावल्यांच्या कोनांत फरक असतो, आणि तो फरक व दोन शाळांमधले अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो; एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर यायला हवेत. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केले होते. या मोजमापात चूक किती राहिली आणि ती काठी तिरपी असल्यामुळे की सावलीची कड धूसर असल्यामुळे, यावर शिक्षकांची चर्चा सुरू झाली, की ती पुरी होईपर्यंत वेळापत्रकातले पुढचे सत्र खुशाल रद्द करावे.